मेलेल्या माशांची चौकशी ऑक्सिजनपाशी थांबवू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. देपालपूरकडच्या एका गावतळ्यात मासे मरून वर आले, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्यानं हे घडलं, ग्रामपंचायतीनं मासे पुरून टाकले. बातमी तेवढ्यावरच संपली. माझ्या भाचीचं सासर त्याच गावात आहे. मासे मेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या तळ्याच्या पाळीवर उभी होते आणि तिथं जे पाहिलं त्यावरून ऑक्सिजनचं कारण मला पटलेलं नाही. पावसाळ्यात आपल्या मालव्यात असं कुठं ना कुठं होत राहतं, आणि दर वेळी चौकशी याच एका शब्दापाशी येऊन थांबते. पत्र लांबलं तरी पूर्ण छापावं, ही विनंती.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आता निवृत्त आहे. मी शिकवत नव्हते. एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या स्लाइड्स तयार करणं हे माझं मुख्य काम. माशाच्या कल्ल्याचा, यकृताचा, मेंदूचा, अंडाशयाचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. मालव्यात सोयाबीन रुजलं, त्याच्यामागोमाग फवारणी वाढली, तसे संशोधनाचे विषयही बदलले. अमुक कीटकनाशकाचा रोहूवर परिणाम, तमुकचा मागूरवर परिणाम, असे विषय एकामागून एक येऊ लागले. प्रबंध लिहिणारे पदवी घेऊन पुढे जात. मी तिथंच असल्यामुळे या साऱ्या माशांची आतली अवस्था वर्षानुवर्षं पाहत राहिले. त्या पाहण्याच्या जोरावर हे लिहिते आहे.

आधी त्या तळ्याबद्दल. ऑक्सिजन कमी पडून मासे मरतात तेव्हा ते बहुधा पहाटे मरतात, कारण रात्रभर शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट खर्च करतं. मासे वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायला धडपडतात. मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) बराच वेळ तग धरते. आणि मरळ, मागूर, शिंगी हे मासे तर वाचतातच, कारण त्यांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. मरळीला (आपल्याकडे सांवल म्हणतात ती) डबक्यातल्या चिखलातसुद्धा जगता येतं.

इथं सगळं उलट होतं. तळं पट्ट्यावर घेतलेल्या सहकारी संस्थेतला एक मच्छीमार सकाळपासून मेलेले मासे ओढून काठाला लावत होता. त्यानं सांगितलं की आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, जोराची सर येऊन गेल्यावर तासाभरात हे सुरू झालं. पहिल्यांदा बोटुकली गेली, मोठे रोहू-कटला संध्याकाळी. "मछली बावली हो गई थी, मौसी," तो म्हणाला. मासे पाण्यात सरळ पोहत नव्हते, गोल गोल फिरत होते, काठावर आदळत होते. मेलेल्यांत मरळी होत्या. काठाच्या गवतात झिंगे आणि खेकडेही मरून पडले होते, आणि एरवी पाण्यावर सरसर पळणारे किडे कुठंच नव्हते. थोडी बोटुकली अजून जिवंत होती, एका कुशीवर पडून थरथरत होती. दोन-तीन मासे मी हातात घेऊन पाहिले. छातीचे पर पुढच्या बाजूला ताणून कडक झालेले, कण्याला मधेच बाक. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशक औषधानं मेलेला मासा असा दिसतो. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस, प्रोफेनोफॉस ही त्या गटातली नावं शेतकरी वाचकांना तोंडपाठ असतील.

आता कारण ऑक्सिजन असं कोणी आणि कसं ठरवलं? एका कार्यालयातून दोघं जण आले होते, मासे मेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तिथं असतानाच. त्यांनी मीटर पाण्यात बुडवलं, सामू पाहिला, विरघळलेला ऑक्सिजन पाहिला, तो कमी निघाला, वहीत नोंद केली. अहो, रात्रभर क्विंटलच्या क्विंटल मासे पाण्यात कुजत असताना ऑक्सिजन कमी निघणारच! कुजण्याच्या क्रियेलाच तो लागतो. दुसऱ्या दिवशीचा आकडा माशांच्या मरणाचा परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. मी त्यांना म्हटलं, निदान दोन मरायला टेकलेले मासे बर्फात घालून न्या, मेंदू तपासायला सांगा. त्यांच्याकडे बर्फ नव्हता, काचेची बाटली नव्हती, आणि मेंदू कशाला, असं त्यांना वाटलं. माणसं वाईट नव्हती. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

मेंदू कशाला, ते इथं सांगते. माशाच्या काय आणि आपल्या काय, मज्जातंतूंच्या सांध्यावर एक रसायन निरोप पोचवतं आणि ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) लगेच त्या रसायनाचं विघटन करतं, म्हणजे स्नायू आखडतो आणि परत सैल होतो. ऑरगॅनोफॉस्फेट या विकराला जखडून ठेवतं. मग निरोप थांबतच नाही. स्नायू आखडलेलाच राहतो, मासा गोल फिरतो, पर ताठरतात, शेवटी श्वास घेण्याची हालचालच बंद पडते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पाण्यातलं औषध काही दिवसांत वाहून जातं, विरतं, ऊन-पाण्यानं मोडतं, पण जो मासा वाचला त्याच्या मेंदूतलं हे विकर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. पाण्याचा नमुना स्वच्छ आला तरी माशाचा मेंदू साक्ष देतो. ही तपासणी फार महागही नाही. रंग बदलण्यावर आधारलेली साधी पद्धत आहे, १९६१ पासून जगभर चालते. जीवरसायनशास्त्राच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ती होऊ शकते.

आता कीटकनाशकांचा दुसरा गट, पायरेथ्रॉइड. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन. हे माणसाला तुलनेनं कमी घातक, कारण आपलं यकृत ते झपाट्यानं मोडतं. माशाला ते जमत नाही. शिवाय कल्ले हे औषध पाण्यातून सहज ओढून घेतात. म्हणून लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले काही भाग, एवढं सायपरमेथ्रिन रोहू-कटलासारख्या कार्प जातीच्या माशांना मारायला पुरतं. हिशेब करून बघा. २५ टक्के तीव्रतेच्या सायपरमेथ्रिनच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम झाकणभर द्रवात, साधारण अडीच ग्रॅम मूळ औषध असतं. लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम धरले तर ते ५ लाख लिटर पाण्याला पुरेल. पाच हजार लिटरचे शंभर टँकर. हा हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात हे औषध मातीच्या कणांना आणि गाळाला घट्ट चिकटतं आणि त्यामुळे पाण्यात मोकळं थोडंच राहतं, हे मला माहीत आहे. पण आपली काळी माती पहिल्या जोराच्या सरीला जशी वाहते तशी क्वचितच दुसरी कुठली वाहत असेल. गढूळ पाण्याबरोबर तेही उतरतं आणि तळाशी जाऊन बसतं, जिथं मृगळ आणि मागूर चरतात.

त्या गावात मी एक गोष्ट जवळून पाहिली. तळ्याला मिळणाऱ्या ओहोळावर जिथं बैलगाडी उतरायची वाट आहे, तिथं एक पोरगा, विशीतला असेल, फवारणीचा पंप धुत होता. पाठीवरचा पंधरा-सोळा लिटरचा पंप त्यानं पाण्यात आडवा केला, भरून घेतला, खळखळून हलवला आणि ओहोळात ओतला. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि तसंच पांढरं वळणापर्यंत गेलं. मग त्यानं नोझल तोंडाला लावून फुंकर मारली. माझ्या अंगावर काटा आला. मी त्याला म्हटलं, बाळा, निदान तोंड तरी धू. त्यानं तोंड धुतलं, त्याच पाण्यानं. शेजारी बाभळीखाली मोकळ्या बाटल्यांचा ढीग होता. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे, आणि त्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की मोकळे डबे पुन्हा वापरता येणार नाहीत असे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत आणि धुण्याच्या पाण्यानं जलस्रोत दूषित होऊ नये. पन्नास वर्षं उलटून गेली. त्या पोराला हे कधी कोणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या ढिगातल्या दोन बाटल्या मी उचलून वाचल्या. एकीवर पिवळा त्रिकोण, एकीवर निळा. शेतकरी काय समजतो? लाल म्हणजे जहाल, पिवळा त्याखालोखाल, निळा सौम्य, हिरवा तर निर्धोक. हा रंग कशावरून ठरतो, हे कोणी सांगत नाही. तो ठरतो प्रयोगशाळेतल्या उंदरासारख्या प्राण्याला मारायला किती औषध लागतं त्यावरून. तो हाताळणाऱ्या माणसाच्या जिवासाठी आहे आणि त्या कामापुरता योग्यही आहे. पण त्यात माशाचा कुठंच विचार नाही. ज्या सायपरमेथ्रिननं तळं रिकामं होऊ शकतं ते लाल त्रिकोणात येत नाही. बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकात कुठंतरी एक ओळ असते, जलचरांना घातक, पाण्याजवळ वापरू नये. ती वाचायला मला चष्मा लावूनही उजेडात जावं लागलं.

पिण्याच्या पाण्याच्या मानकातही तीच गत. आपलं भारतीय मानक, २०१२ चं, अठरा कीटकनाशकांची आणि तणनाशकांची मर्यादा देतं. त्यात क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी याच औषधाचा निकष, अल्पकाळासाठीसुद्धा, ०.०८३ मायक्रोग्रॅम ठरवलेला आहे. साडेतीनशे पटींहून जास्त अंतर! म्हणजे क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत आपल्या मानकात बसणारं पाणी माशांच्या आणि पाणकिड्यांच्या जिवावर उठू शकतं. आणि त्या अठरांच्या यादीत एकही पायरेथ्रॉइड नाही. पाणी मानकाप्रमाणे ठीक आहे, असं सांगितलं की मासे मरण्याचं कारण पाण्यात नसणारच, असं लोक धरून चालतात, म्हणून हे आकडे दिले.

मेलेला मासा निदान दिसतो. माझ्या मनाला जास्त लागलं ते न मेलेल्या माशांचं. प्रयोगशाळेत एका टाकीत साधं पाणी, दुसरीत मारक मात्रेचा दहावा-विसावा भाग औषध, असे महिनाभर मासे ठेवत. दुसऱ्या टाकीतला मासा मरत नसे. जरा सुस्त, खाणं कमी, अंगावर बुळबुळ जास्त. बघणाऱ्याला वाटावं बराच आहे. मग त्याची स्लाइड माझ्याकडे येई. निरोगी कल्ल्याचा काप भिंगाखाली धरला की फणीच्या दातांसारख्या पातळ पाकळ्या ओळीनं उभ्या दिसतात, पाकळीच्या आत रक्त, दोन पाकळ्यांच्या मधून पाणी, मधे एखाद-दोन पेशींचा पडदा. इतकी नाजूक रचना मी दुसरी पाहिलेली नाही. औषधाच्या टाकीतल्या माशाच्या कल्ल्यात तो पडदा सुटून फुगलेला असे, पेशी बेसुमार वाढलेल्या, शेजारशेजारच्या पाकळ्या टोकांशी जाड होऊन एकमेकींना चिकटलेल्या. पाण्याला मधून जायला वाटच नाही. आता ऑक्सिजनची गोष्ट पुन्हा आठवा. असा कल्ला घेऊन जगणारा मासा, निरोगी मासा ज्या पाण्यात आरामात तगला असता त्या पाण्यात गुदमरून मरतो. त्यामुळे खरोखरच ऑक्सिजन कमी झाला असेल, तरीही कल्ला पाहिल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

यकृतात पेशींमध्ये पोकळ्या पडलेल्या दिसत, केंद्रक कडेला ढकललेलं. आणि अंडाशय. मासोळीच्या अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो ते यकृतात तयार होतं आणि रक्तातून अंडाशयात पोचतं. यकृतच बिघडलं की बलक धरत नाही. ऐन हंगामात जिथं टपोरी, पिवळीधमक अंडी दाटीनं असायला हवीत तिथं सुरकुतलेली, आतून विरत चाललेली अंडी दिसत. ती मासोळी जिवंत होती, पोहत होती, पण तिच्यापासून पुढची पिढी होणार नव्हती. अशी स्लाइड रंगवताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटे, आणि ते सवयीनं कधी कमी झालं नाही.

आता हे सगळं कोणत्या दिवसांत घडतं ते पाहा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. बंद ऋतू. कारण रास्त आहे, रोहू, कटला, मृगळ या माशांची वीण पावसाच्या नव्या वाहत्या पाण्यात, याच दिवसांत होते. त्या दोन महिन्यांत जाळं टाकणाऱ्या गरीब मच्छीमाराचं जाळं जप्त होतं, दंड होतो. आणि याच दोन महिन्यांत मालव्यात सोयाबीन पेरलं जातं, पेरणीपाठोपाठ तणनाशक पडतं, जुलै-ऑगस्टमध्ये चक्रभुंगा, उंटअळी, तंबाखूची अळी, पांढरी माशी यांच्यावर फवारण्या सुरू होतात, आणि त्यावर पाऊस कोसळतो. अंडं, मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) आणि बोटुकली ही माशाच्या आयुष्यातली सगळ्यांत नाजूक वयं, ती सगळी या पाण्यात असतात. जाळ्यापासून आपण त्यांना राखतो आणि औषधाच्या तोंडी देतो. मासे मारण्यासाठी पाण्यात विष टाकणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. शेतातून वाहून आलेल्या विषाचं काय करायचं, याचा विचार बंद ऋतू ठरवताना झालेला दिसत नाही. ही बंदी अर्धीच आहे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

शिवाय माशाचं खाणं. सोयाबीनवर हल्ली थायमेथोक्झाम आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन एकत्र असलेलं औषध सर्रास फवारलं जातं. दुसरं माशाला थेट मारतं. पहिलं, निओनिकोटिनॉइड गटातलं, माशाला फारसं करत नाही, पण पाण्यातले किडे आणि त्यांच्या अळ्या मारतं, आणि बोटुकली त्यांच्यावरच वाढते. जपानमध्ये शिंजी नावाचं सरोवर आहे, भोवती भातशेती. तिथं १९९३ पासून या गटातली औषधं भातावर आली, सरोवरातले सूक्ष्म जीव घटले आणि एका छोट्या माशाचं वार्षिक उत्पादन २४० टनांवरून २२ टनांवर आलं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं काठावर मेलेल्या माशांचा खच पडला नाही. खाणं संपल्यानं मासे कमी कमी होत गेले. आपल्याकडचे जुने मच्छीमार सांगतात की ओहोळातली लहान मासोळी, बाम, झिंगे आता दिसत नाहीत. त्यांच्या सांगण्याकडे रडगाणं म्हणून बघू नये.

एका गावतळ्यासाठी एवढं लिहायचं का, असं कोणी म्हणेल. गावतळंसुद्धा कोणाची तरी रोजी असते, ते असो. पण आपलं यशवंत सागर धरण बघा. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेलं, शहराच्या पश्चिम भागाला आजही पाणी देणारं, २०२२ मध्ये सिरपूर तलावाबरोबर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला, पेढे वाटले गेले. त्याच्या भोवतीनं शेतीच आहे. सारस, करकोचे, पाणकावळे जे खातात ते याच पाण्यात वाढतं. गंभीरचं पाणी पुढे उज्जैनच्या धरणात जातं, मग क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत. १९७८ पासून नर्मदेचं पाणी घरी येतंय म्हणून आपण इंदूरकर गंभीरकडे पाठ फिरवून बसलो आहोत. शहर सलग स्वच्छ ठरतं याचा आनंद मलाही आहे. पण आपल्या तलावांतल्या गाळात कोणतं कीटकनाशक किती आहे, हे दर पावसाळ्यात नागरिकांना कळायला हवं.

शेतकऱ्यांना दोष देऊन मोकळं होणाऱ्यांपैकी मी नाही. भाचीचे सासरे उत्तम शेतकरी आहेत. त्यांच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा रोग आला की हातातलं पीक डोळ्यांदेखत पिवळं पडतं, काय हालत होते ते मी पाहिलं आहे. औषध कोणतं, किती, हे दुकानदार सांगतो, कारण तोच उधारीवर देतो. तो म्हणतो दोन एकत्र करा, तिसरं मिसळा, आणि ते मिसळतात. ज्याच्यावर कर्ज आहे तो धोका पत्करत नाही. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली, आपल्या सोयाबीनवर पूर्वी फार चालणारं ट्रायझोफॉस २०२० च्या अखेरीस बंद झालं, शेती बुडाली नाही. करता येण्याजोगं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. आकाशात ढग दाटले असताना फवारणी न करणं. ओहोळाच्या आणि तळ्याच्या कडेनं काही मीटर पट्टा न फवारता गवताखाली सोडणं, म्हणजे गढूळ पाणी तिथं निवळतं. पंप ओहोळात न धुता शेतातच धुणं आणि ते पाणी त्याच पिकावर मारणं. कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंगाला ओढणारे) लावून, अळी खरोखर नुकसानीच्या पातळीवर आहे का बघून मगच फवारणं. निंबोळी अर्क चांगला, पण तोही पाण्यात ओतू नये, जास्त प्रमाणात तो माशांनाही बाधतो.

सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून आपल्याच शहरात आहे आणि हंगामात तिचा सल्ला शेतकऱ्यांपर्यंत जातो. माझी त्या शास्त्रज्ञांना कळकळीची विनंती आहे की जुलै-ऑगस्टच्या प्रत्येक सल्ल्यात औषधाच्या नावापुढे ते माशांना किती घातक आहे आणि पाण्यापासून किती अंतर सोडायचं, एवढं लिहावं. बाटलीवर त्रिकोणाशेजारी माशाचं ठळक चित्र यावं, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळेल. आणि मासे मेल्याची खबर येताच पहिल्या काही तासांत पोचणारं कोणीतरी हवं, ज्याच्याजवळ गडद काचेच्या बाटल्या, बर्फाची पेटी आणि चिखल उचलायचं साधं भांडं असेल. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊ नये, पायरेथ्रॉइड तिच्या भिंतींना चिकटतं आणि तपासणीत येत नाही. कुजलेला मासा उपयोगाचा नाही, मरायला टेकलेला घ्यावा आणि लगेच बर्फात ठेवावा. यशवंत सागर आणि त्याला मिळणारे ओहोळ यांचं पाणी, गाळ आणि माशांचे मेंदू दर बंद ऋतूत तपासून ते निकाल आपल्यासारख्या वृत्तपत्रांतून छापले जावेत. पट्ट्यावर तळं घेणाऱ्या संस्थांचं मत्स्यबीज औषधानं मेलं असं सिद्ध झालं तर भरपाई मिळावी. त्या गावच्या मच्छीमारानं मत्स्यबीज कर्ज काढून सोडलं होतं, आणि ऑक्सिजनमुळे मेले म्हटल्यावर कोणाकडे काही मागायची सोयच राहिली नाही.

मासे खाणाऱ्या वाचकांनी हे वाचून मासे सोडू नयेत. ही नवी औषधं माशाच्या शरीरात डीडीटीसारखी वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत. प्रश्न माशांच्या जगण्याचा आहे, आणि ज्या पाण्यात ते जगू शकत नाहीत त्या पाण्याचा.

येत्या १६ जूनच्या आत कोणत्याही महाविद्यालयाला, संस्थेला किंवा कार्यालयाला हे काम हाती घ्यावंसं वाटलं तर कल्ल्यांच्या स्लाइड्स मी विनामोबदला करून देईन. मायक्रोटोम आणि रंग त्यांचे, हात माझे. कल्ले मरायला टेकलेल्या माशातून काढून लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले असावेत, घरी फ्रिजमध्ये गोठवून आणू नयेत, गोठल्यानं पेशी फुटतात. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
राजेंद्रनगर, इंदूर